विद्यार्थ्याची सांस्कृतिक पार्श्वभूमी कशी समजून घ्यावी: वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

प्रवेशाच्या वेळी कुटुंबाकडून लांबलचक अर्ज भरून घेतला जातो, वर्षातून एकदा निरनिराळ्या वेशभूषांचा आणि नृत्यांचा कार्यक्रम होतो, आणि तरीही वर्षअखेरीस त्याच मुलांच्या नावापुढे "वर्गात बोलत नाही", "गृहपाठ अपूर्ण", "पालकांचे सहकार्य नाही" हे शेरे पुन्हा दिसतात. शाळेने माहिती गोळा केलेली असते; पण ती कपाटात राहते आणि वर्गातील एकही गोष्ट तिच्यामुळे बदलत नाही. असे घडते ते सहसा अनास्थेमुळे नव्हे, तर क्रम चुकल्यामुळे. आधी माहिती जमवायची आणि तिचे काय करायचे ते नंतर पाहू, असा तो क्रम असतो.

पुढील टप्पे याच्या उलट क्रमाने मांडले आहेत. त्या सर्वांमागे एकच नियम आहे: ज्या माहितीमुळे वर्गातील किंवा शाळेतील काहीही बदलणार नाही, ती विचारायची नाही. एका शिक्षकाने एका वेळी पाच किंवा सहा मुलेच निवडावीत आणि पहिल्या सात टप्प्यांसाठी साधारण आठ आठवडे ठेवावेत. संपूर्ण वर्गाचे काम एकाच महिन्यात उरकण्याचा प्रयत्न केला, तर हाती पुन्हा एक भरलेला अर्जच येतो.

## टप्पा १: आधी प्रश्न लिहा

"मुलांची संस्कृती समजून घ्यायची आहे" हा प्रश्न नव्हे, कारण त्याचे उत्तर मिळाले की नाही हेच कधी कळणार नाही. वर्गात डोळ्यांनी दिसलेल्या एखाद्या गोष्टीपासून प्रश्नाची सुरुवात व्हावी. "हा मुलगा गटात भरभरून बोलतो, पण मी उभे केले की गप्प होतो, असे का?" हा प्रश्न आहे. "ही मुलगी उत्तर बरोबर असूनही शेजारणीची वही पाहिल्याशिवाय लिहीत नाही, असे का?" हाही प्रश्न आहे.

प्रत्येक मुलासाठी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: मूल कोण, नेमके काय दिसले, केव्हापासून दिसते आहे, आणि कारण कळल्यावर आपण काय बदलू शकतो. चौथी जागा रिकामी राहिली, तर तो प्रश्न सोडून द्यावा. हे कठोर वाटेल, पण कुतूहल शमवण्यासाठी कोणाच्याही घरात डोकावण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

मुले निवडताना केवळ "वेगळी" दिसणारी किंवा त्रास देणारी मुले निवडू नयेत. निदान एक मूल असे असावे, ज्याची पार्श्वभूमी शिक्षकाच्या स्वतःच्या पार्श्वभूमीसारखीच आहे आणि ज्याच्या घराबद्दल आपल्याला सर्व माहीत आहे असे आपण धरून चालतो. संस्कृती ही फक्त इतरांना असते, ही समजूत त्या एका मुलामुळे लवकर गळून पडते.

सावधान: धर्म, वंश, उत्पन्न, स्थलांतराची कागदपत्रे किंवा आईवडिलांमधील संबंध यांविषयीचे प्रश्न वर्गशिक्षकाच्या यादीत नसावेत. त्यांपैकी काही बाबी नोंदवणे कायद्याने आवश्यक असेल, तर ते कार्यालयाचे काम आहे, आणि ती नोंद तिथेच राहावी.

पडताळणी: लिहिलेला प्रश्न एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. "म्हणजे नक्की काय पाहायचे?" असे त्याने विचारले, तर प्रश्न पुन्हा लिहा.

## टप्पा २: स्वतःच्या सवयींची यादी करा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो आणि पुढील बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते. शिक्षकाला जे "साधे, स्वाभाविक" वाटते, तेही कोणीतरी कधीतरी शिकवलेलेच असते. ते ओळखले नाही, तर मुलाचे वागणे त्याच मापाने मोजले जाते आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यादी अगदी रोजच्या गोष्टींची असावी. मी बोलत असताना मुलाने माझ्या डोळ्यांकडे पाहावे, अशी माझी अपेक्षा आहे का? अनेक घरांमध्ये मोठी माणसे रागावत असताना त्यांच्या नजरेला नजर देणे हा उद्धटपणा मानला जातो, तिथे वाढलेले मूल खाली पाहते, आणि "लक्ष कुठे आहे तुझे?" हा प्रश्न ऐकून आणखी खाली पाहते. मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो? शेजाऱ्याला उत्तर सांगणे मला मदत वाटते की फसवणूक? दोघे एकाच वेळी बोलले, तर मला तो गोंधळ वाटतो की रंगलेले संभाषण? मोठ्यांचे म्हणणे मुलाने खोडून काढले, तर मला ते धीटपणाचे वाटते की उर्मटपणाचे?

एका सवयीकडे विशेष लक्ष द्यावे: स्वतःला उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारण्याची सवय. शिक्षक हातात लाल चेंडू धरतो आणि विचारतो, "हा कोणत्या रंगाचा आहे?" शाळेत मुरलेल्या माणसाला यात काही खटकत नाही. परंतु ज्या घरात मोठी माणसे स्वतःला ठाऊक नसलेलेच मुलाला विचारतात, तिथून आलेल्या मुलाला हा प्रश्न बुचकळ्यात टाकतो. चेंडू समोर दिसतो आहे, विचारणाऱ्यालाही दिसतो आहे, मग यात काहीतरी मेख असली पाहिजे, असे त्याला वाटते, आणि ते गप्प राहते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील वस्त्यांमध्ये अनेक वर्षे राहून मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या शर्ली ब्राइस हीथ यांनी घर आणि शाळा यांच्या प्रश्न विचारण्याच्या रीतीतील हीच तफावत सविस्तर नोंदवली आहे. मुलाला रंग ओळखता येत नाही, हा निष्कर्ष अशा वेळी पूर्णपणे चुकीचा असतो.

प्रत्येक सवयीपुढे दोन वाक्ये लिहावीत: हे मला कोणी शिकवले, आणि एखादे मूल असे वागले नाही तर मी त्याच्याबद्दल मनात काय म्हणतो. दुसरे वाक्य प्रामाणिकपणे लिहावे, कारण तो कागद दुसरे कोणी वाचणार नाही. दहा-बारा ओळी पुरेशा आहेत. येथे स्वतःला दोष देत बसण्याचे काही कारण नाही.

## टप्पा ३: दप्तरात आहे तेच आधी वाचा

कुटुंबाला काहीही विचारण्यापूर्वी शाळेकडे असलेली माहिती वाचावी. हजेरीपत्रकातील गैरहजेरी ठरावीक वारांना किंवा ठरावीक आठवड्यांत येते का, मुलाला न्यायला कोण येते, संपर्कासाठी कोणाचा क्रमांक दिला आहे, आधीची शाळा कोणत्या माध्यमाची होती, आणि मधली किती वर्षे शाळाच नव्हती, एवढे पाहावे. एकदा दिलेली माहिती पुन्हा विचारली, तर "आम्ही दिलेले कोणी वाचतच नाही" हा संदेश कुटुंबाला मिळतो.

अर्जाचीही तपासणी याच वेळी करावी. "मातृभाषा" या शब्दापुढे एकच रिकामी जागा असेल, तर घरात दोन-तीन भाषा बोलणारे कुटुंब त्यांतील शाळेला रुचेल अशी भाषा लिहून मोकळे होते. त्याऐवजी तीन प्रश्न असावेत: मूल आजी-आजोबांशी कोणत्या भाषेत बोलते, भावंडांशी कोणत्या, आणि घरातील मोठ्यांना शाळेची सूचना कोणत्या भाषेत वाचायला आवडेल.

शेवटी नाव. मुलाला त्याचे नाव स्वतः उच्चारायला सांगावे, ते ऐकावे, दोनदा म्हणून दाखवावे आणि हजेरीपत्रकात आपल्याला वाचता येईल अशा रीतीने लिहून ठेवावे. उच्चार अवघड आहे म्हणून परस्पर लघुरूप ठरवू नये. नाव कुठे तुटते, कोणता भाग कुटुंबाचा आहे आणि कोणता मुलाचा, हेही विचारून घ्यावे, कारण काही समाजांमध्ये कुटुंबाचे नाव आधी येते आणि काहींमध्ये ते नसतेच.

## टप्पा ४: दोन आठवडे निरीक्षण

निरीक्षण नोंदवहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे जे दिसले किंवा ऐकू आले तेवढेच, उजवीकडे त्याचा आपण लावलेला अर्थ. "प्रश्न विचारला. त्याने खाली पाहिले. चार सेकंदांनी ओठ हलले. तोपर्यंत मी पुढच्या मुलाकडे वळलो होतो" ही नोंद डावीकडची आहे. "लाजाळू आहे" ही उजवीकडची. पहिल्या आठवड्यात उजवा भाग शक्यतो कोराच ठेवावा. हे लिहायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. "लाजाळू", "आळशी", "हट्टी" हे शब्द हात आपोआप लिहून जातो.

निरीक्षण निदान चार निरनिराळ्या प्रसंगांत व्हावे: संपूर्ण वर्गासमोर, लहान गटात, शिक्षकाशी एकट्याने बोलताना, आणि मधल्या सुट्टीत. याला ठोस कारण आहे. सुझन फिलिप्स यांनी अमेरिकेतील ओरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथील मूलनिवासी समाजाच्या मुलांचा अभ्यास करून १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिक्षकाने सर्वांसमोर एकेकट्याला बोलायला लावले की ही मुले मागे सरत; परंतु आपापसांत चालणाऱ्या गटकामात आणि शिक्षकाजवळ एकट्याने जाऊन विचारण्यात ती मागे नव्हती. केवळ पहिला प्रसंग पाहणाऱ्याने त्यांना "मंद" ठरवले असते.

शिक्षकाच्या थांबण्याची वेळही याच काळात मोजावी. मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनात असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांब होतात, न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मनात भाषांतर करून उत्तर देणाऱ्या मुलाला हे दोन सेकंद किती मोलाचे असतात, याचा अंदाज ज्याने कधी परक्या भाषेत उत्तर दिले आहे त्यालाच येईल.

सावधान: निरीक्षण चालू असताना "तुमच्या देशात हे कसे करतात, सांग बरे सर्वांना" असे वर्गात विचारू नये. मूल त्याच्या संपूर्ण समाजाचा प्रतिनिधी नाही. कदाचित त्याला उत्तर ठाऊक नसेल, कदाचित ठाऊक असूनही सांगायचे नसेल, आणि दोन्ही वेळा ते सर्वांसमोर अडचणीत येते.

पडताळणी: डावीकडच्या नोंदी वाचून सहकाऱ्याला तुमच्याहून निराळा अर्थ लावता येतो का? येत नसेल, तर त्या नोंदींत तुमचा अर्थ आधीच मिसळलेला आहे.

## टप्पा ५: मुलाशी आणि कुटुंबाशी बोला

मुलाशी आधी. बाल हक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील बाराव्या कलमानुसार मुलाशी संबंधित बाबींमध्ये त्याचे मत ऐकले गेले पाहिजे. व्यवहारातही हा क्रम बरोबर ठरतो, कारण शिक्षक घरच्यांशी बोलणार आहेत हे मुलाला आधी कळले नाही, तर ते त्याला तक्रार समजते. "तुझ्या घरच्यांना भेटणार आहे, तुला शाळेत कशाने सोपे जाईल ते मला समजून घ्यायचे आहे, काही विचारू नये असे तुला वाटते का?" एवढे पुरते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाळावे.

भेटीची तयारी. तयारीत चार गोष्टी येतात. वेळ कुटुंबाने ठरवावी, कारण दोन पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पालकाला शाळेची ठरलेली वेळ परवडत नाही, आणि न येणाऱ्या पालकाला आपण सहज "बेफिकीर" म्हणून मोकळे होतो. घरी जायचे असेल, तर आधी विचारून, नकाराची मोकळीक देऊन आणि शक्यतो दोघांनी जावे; शाळेत किंवा दुसऱ्या सोयीच्या जागी भेटणेही तितकेच चांगले. घरातील कोणाशी बोलायचे हे गृहीत धरू नये, कारण मुलाचा अभ्यास आजी पाहत असेल, मोठी बहीण पाहत असेल किंवा काका पाहत असतील. आणि दुभाषा लागणार असेल तर तो शाळेने आणावा.

या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. मुलालाच दुभाषा करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. मूल स्वतःबद्दलची तक्रार गाळते, आईला अपमान वाटेल ते बदलते, आणि घरातील मोठ्यांच्या जागी बसल्यामुळे घरी गेल्यावर त्याची पंचाईत होते. त्याच वस्तीतील शेजाऱ्याला दुभाषा करण्यापूर्वीही कुटुंबाची संमती घ्यावी. सर्वच गोष्टी शेजाऱ्याला कळाव्यात असे कोणाला वाटत नाही.

बोलण्याचा क्रम. सुरुवात मुलाबद्दलच्या एका नेमक्या चांगल्या गोष्टीने करावी. "हुशार आहे" असे मोघम न बोलता "मंगळवारी त्याने मोजमाप चुकलेले पाहून गटाला थांबवले" असे सांगावे. त्यानंतर शिक्षकाने शिकायला आलो आहोत या भूमिकेत जावे. "घरी तो कोणत्या कामात मदत करतो?", "ते त्याला कोणी आणि कसे शिकवले?", "एखादी गोष्ट त्याला समजली आहे हे तुम्हाला कशावरून कळते?", "तुमच्या लहानपणी शाळा कशी होती?", "या वर्षी त्याने काय शिकावे असे तुम्हाला वाटते?" हे प्रश्न जवळजवळ सर्वत्र चालतात. वर्गातील अडचण सर्वांत शेवटी, आणि तीही सल्ला मागण्याच्या सुरात मांडावी.

दुसरा प्रश्न विशेष उपयोगी आहे. काही घरांत काम समजावून सांगत नाहीत. मूल बराच काळ शेजारी बसून पाहते आणि जमेल असे वाटल्यावरच हात घालते. अशा मुलाला "चुकले तरी चालेल, करून तर पाहा" हे प्रोत्साहन वाटत नाही, तर उघडे पाडणे वाटते. त्याला आधी पूर्ण नमुना पाहू दिला की तेच मूल नीट काम करते.

लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथील शिक्षक मेक्सिकन वंशाच्या, कष्टकरी कुटुंबांच्या घरी याच भूमिकेतून गेले होते. घरात शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार आणि औषधोपचार यांचे केवढे ज्ञान साठलेले आहे हे त्यांना दिसले आणि त्यावर आधारलेले पाठ त्यांना तयार करता आले. घरात काय कमी आहे हे शोधायला गेलेल्याला तेच घर रिकामे दिसले असते.

मी स्वतः या टप्प्याला किती उशिरा पोहोचलो, ते सांगतो. माझ्या वर्गात दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातून आलेली एक मुलगी होती. तिच्या वहीत मी दोनदा "निष्काळजीपणा" असा शेरा लिहिला. तिसऱ्या वेळी हजेरीपत्रक चाळले, तेव्हा गृहपाठ नसण्याचा वार प्रत्येक आठवड्यात तोच होता. तिला विचारले, तेव्हा तिने काही न बोलता वही उलटी करून शेवटचे पान उघडले. पानावर पट्टीने दोन रकाने आखलेले होते. एका बाजूला तिच्या भाषेत, दुसऱ्या बाजूला शाळेच्या भाषेत शरीराच्या अवयवांची, आजारांची आणि औषधांची नावे होती, काही खोडून पुन्हा लिहिलेली. आदल्या दिवशी संध्याकाळी ती आईबरोबर दवाखान्यात जाई आणि डॉक्टरांचे बोलणे आईला समजावून सांगे. मी दिलेल्या गृहपाठापेक्षा कितीतरी अवघड काम ती नेटाने करत होती, आणि मी त्याच वहीच्या पुढच्या पानावर तो शेरा लिहिला होता. तिच्या आईला भेटल्यावर दवाखान्यात दुभाष्याची सोय मागता येते हे त्यांना कळवले, तिचा गृहपाठ द्यायचा वार बदलला, आणि विज्ञानाच्या धड्यात तिच्या संमतीने ते दोन रकाने वापरले.

सावधान: भेटीत समोर बसून लिहीत राहू नये. परत आल्यावर अर्ध्या तासात, टप्पा १ मधील प्रश्नाशी संबंधित तेवढेच लिहावे. विश्वासाने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी कागदावर येऊ नयेत.

## टप्पा ६: लावलेला अर्थ तपासा

आता नोंदवहीचा उजवा भाग भरावा, पण प्रत्येक नोंदीपुढे निदान तीन शक्य कारणे लिहावीत आणि त्यांपैकी एक कारण संस्कृतीशी अजिबात संबंधित नसावे. मूल फळ्याकडे पाहत नाही, याचे कारण घरची रीत असू शकते, भाषा असू शकते, किंवा त्याला चष्मा लागलेला असू शकतो. मूल गटात बसत नाही, याचे कारण संस्कार असतील किंवा त्या गटातील कोणीतरी त्याला चिडवत असेल.

या टप्प्यावर दोन विरुद्ध चुका होतात. पहिली चूक म्हणजे "यांच्याकडे असेच असते" हे वाक्य. एका कुटुंबाकडून कळलेली गोष्ट त्या समाजातील सर्व मुलांना लावली की समजून घेण्याचे काम तिथेच संपते आणि साचा तयार होतो. एकाच घरातील दोन भावंडेही निराळी असतात. घर बदललेल्या कुटुंबात तर आईवडिलांची, आजीची आणि मुलांची रीत एकाच छताखाली तीन प्रकारची असू शकते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक गोष्ट संस्कृतीच्या खात्यावर टाकणे. मुलाला मारहाण होत असेल, ते उपाशी राहत असेल किंवा त्याचे शोषण होत असल्याची शंका असेल, तर "त्यांच्या पद्धतीत ढवळाढवळ नको" हे कारण चालत नाही. तिथे हे टप्पे थांबतात आणि शाळेची बालसंरक्षणाची ठरलेली कार्यपद्धती त्याच दिवशी सुरू होते.

भाषेच्या बाबतीत अंदाज विशेष चुकतो. जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार नव्या भाषेत रोजचे बोलणे मूल साधारण दोन वर्षांत आत्मसात करते, परंतु पाठ्यपुस्तकाची आणि परीक्षेची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. मैदानावर अस्खलित बोलणारे मूल इतिहासाच्या उत्तरात अडखळले, की शिक्षक त्याला आळशी तरी ठरवतो किंवा त्याला अध्ययन अक्षमता आहे असे तरी मानतो. अशा मुलाची चाचणी शक्य असेल तिथे त्याच्या पहिल्या भाषेतही व्हावी. अडचण दोन्ही भाषांत दिसली तरच ती शिकण्याची असण्याची शक्यता वाढते.

पडताळणी: प्रत्येक निष्कर्षाला दोन स्वतंत्र आधार आहेत का? निरीक्षण आणि कुटुंबाचे म्हणणे, किंवा मुलाचे म्हणणे आणि वहीतील काम. एकच आधार असेल, तर त्याला अंदाज म्हणावे आणि अंदाज म्हणूनच लिहावे.

## टप्पा ७: एक बदल करा, अपेक्षा कमी करू नका

एका मुलासाठी एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर उपयोग कशाचा झाला ते कळत नाही. बदल लहान असावा: वर्गासमोर उत्तर देण्यापूर्वी जोडीत बोलून घेणे, प्रश्नानंतर तीन सेकंद थांबणे, पहिला मसुदा घरच्या भाषेत लिहू देणे, गणिताच्या उदाहरणात मुलांना ठाऊक असलेले व्यवहार आणणे, उपवासाच्या दिवशी मैदानावरील दमवणाऱ्या खेळाऐवजी गुणलेखनाचे काम देणे. शक्य असेल तेव्हा बदल संपूर्ण वर्गासाठी करावा. जोडीत बोलण्याची सोय सर्वांना मिळाली, की एका मुलाकडे बोट दाखवले जात नाही, आणि इतर अनेकांनाही तिचा उपयोग होतो.

येथील धोका सहृदय शिक्षकांनाच अधिक असतो. "बिचाऱ्याच्या घरी वातावरणच नाही, त्याला निम्माच अभ्यास देऊ" या दयेमुळे मूल वर्षभरात मागे पडते. रस्ता बदलावा, गाठायचे ठिकाण तेच ठेवावे. उत्तर तोंडी देण्याची मुभा देता येईल; उत्तरात कारण देण्याची अपेक्षा सोडता येणार नाही.

## टप्पा ८: मुख्याध्यापकांची कामे

एकटा शिक्षक वर्गाच्या दारापर्यंतच बदल करू शकतो. पुढील कामे शाळा चालवणाऱ्यांची आहेत, आणि ती वर्ष सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजेत.

प्रथम वेळापत्रक. परीक्षा, सहल आणि पालकसभा यांच्या तारखा ठरवण्याआधी शाळेतील सर्व कुटुंबांचे महत्त्वाचे दिवस त्यांच्याकडूनच विचारून घ्यावेत. चांद्र पंचांगाने ठरणारे दिवस दरवर्षी सरकतात, त्यामुळे मागील वर्षाची यादी चालत नाही. त्यानंतर दुभाष्यांची सोय, भाषांतरित सूचना, आणि भेटींसाठी शिक्षकांना तासिकांतून मोकळा वेळ. भेटी सुट्टीच्या दिवशी स्वखुशीने कराव्यात अशी अपेक्षा ठेवली, तर त्या पहिल्या सत्रानंतर थांबतात.

शिस्तीच्या नोंदी दर सत्राला वेगळ्या काढून वाचाव्यात: वर्गाबाहेर कोणाला पाठवले, कोणत्या कारणाने आणि कोणी. "उद्धटपणा", "आज्ञाभंग" अशा मोघम कारणांखाली एकाच भाषिक किंवा सामाजिक गटातील मुले वारंवार दिसत असतील, तर तपासणीची सुरुवात शिक्षकांच्या अपेक्षांपासून करावी. ही चर्चा एखाद्या शिक्षकाला शिक्षक सभेत उभे करून करू नये. तसे केले तर पुढच्या सत्रात नोंदीच होत नाहीत.

सांस्कृतिक कार्यक्रम बंद करण्याची गरज नाही. मात्र कोणी काय सादर करायचे ते कुटुंबांनी ठरवावे, आणि काहीही सादर न करण्याचा पर्यायही तितकाच सन्मानाचा असावा. वर उल्लेखिलेल्या कराराच्या एकोणतिसाव्या कलमात मुलाची स्वतःची सांस्कृतिक ओळख, भाषा आणि मूल्ये यांबद्दल आदर वाढवणे हे शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे, आणि सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाचे रक्षणही आहे. दोन्ही एकत्र वाचावीत.

## टप्पा ९: सहा आठवड्यांनी पाहा, मग नोंदी आवरा

बदल सुरू केल्यापासून सहा आठवड्यांनी टप्पा १ चा कागद पुन्हा काढावा. मुलगा वर्गासमोर बोलत नव्हता, तर आता आठवड्यात किती वेळा बोलला? मोजता येईल अशाच गोष्टी मोजाव्यात. त्यानंतर मुलाला विचारावे आणि कुटुंबाला कळवावे, कारण भेटीत सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हे ऐकण्याचा त्यांना हक्क आहे. काहीच फरक पडला नसेल, तर अर्थ चुकला असे समजून टप्पा ६ मधील दुसऱ्या कारणाकडे वळावे; तोच बदल अधिक जोराने करू नये.

वर्षअखेरीस पुढील शिक्षकाकडे प्रत्येक मुलाबद्दल तीनच ओळी जाव्यात: नावाचा बरोबर उच्चार, कुटुंबाशी संपर्काची सोयीची भाषा आणि वेळ, आणि वर्गात उपयोगी पडलेला एक बदल. या ओळी मुलाला वाचून दाखवाव्यात आणि त्याला नको असलेली ओळ काढून टाकावी. बाकीची नोंदवही फाडून नष्ट करावी.